आपल्या मुलांनी कोणत्या वैद्यकीय महाविद्यालयांची नावे भरावीत?

(जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांनी अलीकडेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आहे. आपल्यासमोर मी त्रिशरण-पंचशीलावर बोलावे, अशी काहींची अपेक्षा असेल. परंतु बारावीच्या विज्ञान शाखेत शिकणारी काही मुले-मुली आई-वडिलांसह येथे आली आहेत आणि सभेपूर्वी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. डॉक्टर व्हावयाचे आहे, परीक्षाही देणार आहोत. पण प्रवेशाच्या वेळी कोणत्या महाविद्यालयांची नावे भरावयाची आणि कोणत्या क्रमाने? हा प्रश्न मला धम्माबाहेरचा वाटला नाही. म्हणून आज मी त्याच विषयावर बोलणार आहे.

धम्माबाहेरचा का नाही, तेही सांगतो. विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा आली आहे. राजगृहातील एका गणिकेच्या पोटी तो जन्मला आणि जन्मताच दासीकरवी सुपात घालून उकिरड्यावर टाकला गेला. अभय नावाच्या राजपुत्राने त्याला उचलले व वाढविले. मोठा झाल्यावर, आपल्याजवळ एखादी विद्या नसेल तर राजवाड्यात आपला टिकाव लागणार नाही, हे त्याने ओळखले. तेव्हा तो कोणासही न सांगता शेकडो कोस चालून तक्षशिलेस गेला आणि एका ख्यातनाम वैद्याजवळ सात वर्षे शिकला. परत आल्यावर त्याने राजा बिंबिसारावर उपचार केले, तसेच भगवान बुद्धावर आणि भिक्षुसंघावरही केले. ज्याला जगाने उकिरड्यावर फेकले, त्याने आपली विद्या व आपले विद्यापीठ स्वतः निवडले आणि तेथवर चालत गेला. आपल्यासारख्यांनी जवळ बाळगावी अशी दुसरी कथा मला ठाऊक नाही.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांतून अवघडलेल्या बाळंतिणीस घोडेगावास किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणावयाचे म्हणजे पावसाळ्यात काय यातायात पडते, हे आपणांस ठाऊकच आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, तेव्हा डोंगरातले एक गाव मदतीपासून किती दूर असते, हे साऱ्या देशाने पाहिले. भातखाचरात आणि उसात साप चावतो, तेव्हा जीव वाचणे हे वेळेवर मिळणाऱ्या लसीवर आणि ती देणाऱ्या डॉक्टरच्या धैर्यावर अवलंबून असते. अशा मुलखातल्या मुलांनी डॉक्टर होण्याची इच्छा धरणे ही हौस नव्हे, ती गरज आहे. म्हणूनच या इच्छेचा बाजार मांडला जाऊ नये, यासाठी मी बोलत आहे.

बाजार मांडला जातो, हे मी ऐकीव सांगत नाही. घोड नदीकाठच्या एका गावचे गृहस्थ माझ्याकडे आले होते. मुलीला परीक्षेत बरे गुण पडले होते. शहरातल्या एका दलालाने त्यांस कागद दिला होता आणि त्यावर एका महाविद्यालयाचे नाव व एक आकडा लिहिला होता. तो आकडा भरण्यासाठी ते घरची दीड एकर जमीन विकावयास निघाले होते. मी विचारले, "दादा, मुलीचा जातीचा दाखला आहे काय?" ते म्हणाले, "आम्ही आता बौद्ध झालो ना, मग जातीचा दाखला कशाला? आणि सरकारी कॉलेज मिळालंच तर नंदुरबार नाहीतर गोंदिया. एवढ्या लांब पोरीला कसं धाडायचं?" त्या दोन वाक्यांत आपल्या समाजाच्या दोन मोठ्या चुका सामावलेल्या आहेत. पहिली हक्काविषयीची आणि दुसरी अंतराविषयीची.

पहिली चूक प्रथम घेतो. धम्मदीक्षा घेतल्याने अनुसूचित जातीच्या सवलती जातात, ही समजूत आज खरी नाही. ती कोठून आली, तेही समजून घ्या. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात मुख्यतः हिंदू धर्मीयांचाच समावेश होता. पुढे १९५६ मध्ये शीख धर्मीयांचा झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला परमपूज्य बाबासाहेबांनी नागपुरास लक्षावधी लोकांसह दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून आपले लोक कायद्याच्या त्या चौकटीबाहेर पडले. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांना लागू केल्या. परंतु केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत झगडावे लागले. त्या वर्षी आदेशात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा समावेश झाला. मधल्या चौतीस वर्षांत कित्येक बापांनी मनाविरुद्ध मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर जुना धर्म लिहिला. आज तसे करण्याचे कारण उरलेले नाही. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांसाठी जातीच्या दाखल्याचा वेगळा नमुना आहे आणि त्यात मूळ जातीचा व धर्मांतराचा उल्लेख असतो. त्या दाखल्याने आपला धम्म बाटत नाही. आपल्या पूर्वजांवर जो अन्याय झाला, त्याची ती नोंद आहे, आणि त्या अन्यायाची भरपाई मागण्याचा अधिकार आपण सोडलेला नाही.

येथे एक खुलासा करणे प्राप्त आहे. या दोन तालुक्यांतील जे आदिवासी बंधू धम्माकडे वळले असतील, त्यांच्या अनुसूचित जमातीच्या हक्कास धर्मांतराने बाध येत नाही, कारण ती यादी धर्मावर आधारलेली नाही. इतर मागासवर्गांतून आलेले बंधू मात्र दीक्षेमुळे अनुसूचित जातीत मोडत नाहीत. खोट्या दाखल्यावर मिळविलेला प्रवेश पुढे रद्द होऊ शकतो, आणि असत्याच्या पायावर उभी केलेली विद्या पंचशीलातही बसत नाही.

दाखला प्रांतसाहेबांच्या कार्यालयातून मिळतो. आपल्या दोन्ही तालुक्यांचे हे कार्यालय मंचरला आहे. पण केवळ दाखल्याने काम भागत नाही. त्याची पडताळणी होऊन वैधता प्रमाणपत्र हाती यावे लागते. ते पुण्याच्या जिल्हा समितीकडून मिळते व त्यासाठी अर्ज अकरावी-बारावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करावयाचा असतो. निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्यांना पुष्कळदा राखीव जागेवर पाणी सोडावे लागते. पुराव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची कागदपत्रे शोधावी लागतात. वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, महार वतनाच्या जमिनीचे जुने उतारे व फेरफार, असे जे सापडेल ते गोळा करा. ज्या वतनाने आपल्या आजोबांना गावाची वेठ करावयास लावली आणि जे वतन मोडा असे बाबासाहेब आयुष्यभर सांगत आले, त्याच वतनाचा कागद आज नातीला वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडून देतो. तो कागद तहसील कचेरीत धूळ खात पडला आहे. परीक्षेच्या आदल्या वर्षीच तेथे जा.

आता महाविद्यालयांकडे वळतो. प्रवेश सर्वत्र 'नीट' परीक्षेच्या गुणवत्तेवर होतो. महाविद्यालयांचे मात्र चार प्रकार आहेत आणि प्रत्येक ठिकाणी आपला हक्क सारखा नाही.

पहिला प्रकार शासकीय महाविद्यालयांचा. पुण्याचे बै. जी. महाविद्यालय आपणां सर्वांस ठाऊक आहे. ससून रुग्णालयाच्या आधारावर १८७८ मध्ये ते वैद्यकीय शाळा म्हणून सुरू झाले व १९४६ मध्ये महाविद्यालय झाले. मुंबईचे ग्रँट महाविद्यालय तर १८४५ चे आहे. माईसाहेब आंबेडकर तेथूनच डॉक्टर झाल्या. नागपूर, औरंगाबाद, मिरज व सोलापूर येथील जुनी महाविद्यालये याच प्रकारात मोडतात. शासकीय महाविद्यालयातील १०० जागांपैकी १५ अखिल भारतीय कोट्यात जातात व उरलेल्या राज्याच्या असतात. राज्याच्या जागांत अनुसूचित जातींस १३ टक्के आणि अखिल भारतीय जागांत १५ टक्के आरक्षण आहे. पुण्याच्या २५० जागांचा हिशेब केला तर राज्य कोट्यात आपल्या वाट्यास सुमारे २७ जागा येतात. त्या २७ जागांवर साऱ्या राज्यातील मुलांचा डोळा असतो. तेव्हा एकट्या पुण्याचे नाव लिहून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नव्हे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मुलाची गुणवत्ता खुल्या यादीत बसत असेल, तर खुली जागाही त्याचीच आहे. राखीव जागा म्हणजे आपल्या झेपेची सीमा, असे कोणीही समजू नये.

दुसरा प्रकार महापालिकांच्या महाविद्यालयांचा. मुंबईची शेठ गो. सुं., टोपीवाला व लोकमान्य टिळक ही महाविद्यालये फार मोठ्या रुग्णालयांशी जोडलेली आहेत. पुणे महापालिकेच्या न्यासाचे महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले. परंतु नाव महापालिकेचे आहे म्हणून शुल्क सर्वत्र सारखेच असेल, असे गृहीत धरू नका. त्या वर्षाचा शुल्काचा तक्ता पाहूनच नाव भरा.

तिसरा प्रकार खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचा. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून भरल्या जाणाऱ्या त्यांच्या जागांत आपल्याला आरक्षण आहे. संस्थेच्या स्वतःच्या कोट्यात ते नाही. चौथा प्रकार अभिमत विद्यापीठांचा. खाजगी अभिमत विद्यापीठांत अनुसूचित जातींसाठी जागा राखीव नसतात आणि वर्षाचे शुल्क वीस लाख रुपयांच्या वर जाते. त्या गृहस्थांच्या हातातला कागद याच प्रकारातला होता. दीड एकर विकून पहिले वर्ष निघाले असते. पुढच्या वर्षांचे काय, याचा विचार दलालाने त्यांना करू दिला नव्हता.

आता क्रमाविषयी. राज्याची प्रक्रिया सीईटी कक्ष चालवितो. अखिल भारतीय कोट्याची प्रक्रिया दिल्लीहून होते आणि नागपूरच्या एम्ससारख्या केंद्रीय संस्थांचे प्रवेशही तिच्यातूनच होतात. दोन्हींकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. अनेक मुले दुसरी करीतच नाहीत आणि आपला निम्मा मार्ग स्वतःच बंद करतात. पसंतीक्रम भरताना एक तत्त्व ध्यानात ठेवावे. यंत्र तुमची यादी वरून खाली वाचते आणि तुमच्या गुणवत्तेस मिळू शकणारे सर्वांत वरचे महाविद्यालय देते. म्हणून मिळण्यास कठीण असलेले नाव वर लिहिल्याने खालचे नाव हातचे जात नाही. मागच्या वर्षी कोणते महाविद्यालय किती गुणांवर मिळाले, हे पाहून भीतीपोटी मनातले नाव गाळू नका. उलटपक्षी, जेथे तुम्ही जाणारच नाही तेथले नाव शोभेसाठी लिहू नका. मिळालेली जागा नाकारल्यास काही फेऱ्यांनंतर अनामत रक्कम जाते व पुढील फेऱ्यांतून बाद होण्याची पाळी येते. हे नियम दरवर्षी बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलाने वाचावी आणि बापाने ती त्याच्याकडून समजून घ्यावी. हे काम दलालावर सोपवू नये.

मग यादी कशी करावी? माझ्या मते प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न विचारावेत. तेथे रुग्ण किती येतात? कारण वैद्यक पुस्तकाइतकेच खाटेपाशी शिकावयाचे असते. तेथे आपला हक्क किती आहे? आणि तेथला खर्च, केवळ पहिल्या वर्षाचा नव्हे तर साडेपाच वर्षांचा, घर न विकता निभेल काय? या कसोटीवर जुनी शासकीय व महापालिकेची महाविद्यालये वर येतील. त्यांच्या मागोमाग दूरची व नवी शासकीय महाविद्यालये येतील. गोंदिया, चंद्रपूर, जळगाव, नंदुरबार, सिंधुदुर्ग, आणि २०२४ मध्ये सुरू झालेली गडचिरोली, वाशीम, हिंगोली, बुलढाणा इत्यादी. नव्या ठिकाणी वसतिगृह, प्रयोगशाळा, अध्यापक यांची सोय कितपत झाली आहे, हे तेथे शिकणाऱ्या मुलांना विचारून घ्यावे. उणिवा असतील तर क्रम खालीवर करावा, पण नाव गाळू नये. वर्ध्याजवळचे सेवाग्रामचे महाविद्यालय १९६९ चे आहे. तेथे विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. खेड्यात परतून काम करू इच्छिणाऱ्याने ते नाव अवश्य विचारात घ्यावे. त्यानंतर प्रवेश प्रक्रियेतील खाजगी महाविद्यालये. अभिमत विद्यापीठाचे नाव जमीन गहाण टाकून यादीत येत असेल, तर ते यादीत नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाविषयी थोडे. दीक्षेने शिष्यवृत्तीचा हक्कही जात नाही. अडीच लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असणाऱ्या कुटुंबांतील अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याहून अधिक उत्पन्न असल्यास राज्याची शिक्षण शुल्क प्रतिपूर्ती आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर करावयाचे असतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत शिकणाऱ्यास तिच्यातून वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत ठरविलेली आहे. मात्र ही रक्कम पुष्कळदा उशिरा हाती पडते. तेव्हा पहिल्या सहा महिन्यांची तजवीज घरातून, नातलगांतून किंवा विहाराच्या वर्गणीतून करून ठेवली पाहिजे. नवस-सायास व जत्रा-उरुसांवर होणारा खर्च आपण दीक्षेने बंद केला. तो पैसा अशाच कामी यावयास हवा.

आता दुसऱ्या चुकीकडे, अंतराकडे, येतो. मुलीला लांब कसे धाडावे? या प्रश्नातील काळजी खोटी आहे, असे मी म्हणत नाही. जात केवळ गावकुसापाशीच राहत नाही. ती रुग्णालयांच्या वसतिगृहांपर्यंत पोहोचते. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीने आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. ते मुंबई शहर होते, गडचिरोली नव्हते, हे ध्यानात घ्या. जवळ ठेवल्याने मुलगी सुरक्षित होते, असे नाही. ती सुरक्षित होते ती तिच्या पाठीशी माणसे असल्याने. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाविषयी विचारा की रॅगिंगविरोधी समिती व अनुसूचित जाती-जमाती कक्ष तेथे खरोखर चालतात काय, आणि आपल्या समाजाची वरच्या वर्गातील मुले तेथे आहेत काय. विदर्भ-मराठवाड्यात असे एकही गाव नाही जेथे आपल्या माणसाला 'जयभीम' म्हणून दार ठोठावता येणार नाही. मुलीस पोहोचविण्यास जाल, तेव्हा तेथल्या विहारात जा, दोन कुटुंबांची ओळख करून द्या. आणि मुलीला सांगा की अपमान झाला तर तो गिळू नकोस. पहिल्याच दिवशी घरी कळव व लेखी तक्रार कर. अभ्यास सुटेल या भीतीने मुली गप्प राहतात. घर आपल्या बाजूने उभे राहील, एवढा विश्वास तिला जाण्यापूर्वी मिळाला पाहिजे.

आणि यादी संपेपर्यंत नाव लागलेच नाही, तर? एक वर्ष पुन्हा अभ्यास करता येतो. परिचर्या, दंतवैद्यक, भौतिकोपचार यांच्या वाटाही रुग्णापर्यंतच जातात. आजारी भिक्षूची स्वतः शुश्रूषा करून, जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा आशयाचा उपदेश भगवंतांनी भिक्षूंना केला. त्यांनी त्यात पदवीची अट घातलेली नाही.

ज्यांना जागा मिळेल, त्यांना शासकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर एक वर्ष शासकीय रुग्णालयात बंधपत्रित सेवा करावी लागते. तिला ओझे मानू नका. मिळत असेल तर तेही वर्ष आपल्या डोंगरपट्ट्यात मागून घ्या.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. जमीन विकली गेली नाही. वतनाचा जुना फेरफार सापडला, दाखला झाला. वैधता प्रमाणपत्र मात्र त्या वर्षीच्या प्रवेशापर्यंत हाती आले नाही, म्हणून मुलीचे एक वर्ष गेले. पुढच्या वर्षी तिने यादीत अठरा नावे लिहिली आणि अकरावे नाव मिळाले. ते घरापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. बाप स्वतः तिला सोडून आला. ते एक वर्ष केवळ एका कागदावाचून गेले. आपल्यापैकी कोणाचेही तसे जाऊ नये, एवढ्यासाठी मी आपला इतका वेळ घेतला.

या जुन्नरच्या डोंगरांत आपल्या पूर्वसूरींची लेणी आहेत. त्यांतील शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या व धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणींची नावे आहेत. संघासाठी दिलेल्या दानाचा पैसा त्यांतील काहींकडे ठेवलेला असे. कन्नडजवळच्या पितळखोऱ्यास मगिल नावाच्या राजवैद्याच्या कुटुंबाने दान दिल्याचा लेख आहे. म्हणजे धम्माच्या घरात कारागीरही होते आणि वैद्यही होते. कारागीर आपल्यात आजही आहेत. वैद्य आता आपल्या घरांतून निघावयाचे आहेत. उद्या सकाळी कचेरी उघडेल. ज्यांच्या घरी अकरावी-बारावीचे मूल आहे, त्यांनी तेथूनच सुरुवात करावी.

जयभीम. भवतु सब्ब मंगलं.